बास्क डोंगरांत माउंटन बाइक: मुक्काम ओयार्त्सुनला की वितोरियाला?

पाच दिवस मोकळे आहेत, बिल्बाओचं विमान ठरलंय आणि उत्तर स्पेनमधल्या बास्क डोंगरांत माउंटन बाइक चालवायचीय. तर सायकल, टायर, कपडे यांच्या आधी मुक्काम ठरवा. मला कुणी सल्ला विचारला की मी उलट विचारतो: ओल्या मुळांवरून उताराला सायकल सोडायची सवय आहे का? या एका उत्तरावर जवळजवळ सगळं ठरतं.

कारण तिथलं पाणी. मराठी माणसाला हा भूगोल समजायला नकाशाही लागणार नाही. उत्तरेला समुद्र, समुद्राला लागून डोंगरांची गर्दी, त्यापलीकडे पठार. म्हणजे कोकण, घाट आणि देश, फक्त दिशा फिरवलेल्या. समुद्राच्या अंगाला गिपुस्कोआ आणि बिस्काया हे प्रांत, पठारावर आराबा हा तिसरा. अलीकडचे ओढे बिस्केच्या उपसागराला मिळतात, पलीकडची सादोरा नदी एब्रोला मिळून भूमध्य समुद्राकडे जाते. दोनोस्तियात, म्हणजे सान सेबास्तियानला, वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वितोरियात त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने थोडाथोडा येत राहतो. तासन्‌तास चालणाऱ्या त्या बारीक भुरभुरीला तिथे चिरिमिरी म्हणतात. शब्द आपल्या तोंडात आधीच बसलेला आहे, अर्थ तेवढा नवा शिकायचा. या पावसात अंग भिजल्याचं कळत नाही, पण वाट पूर्ण भिजते.

आधी ओयार्त्सुन. समुद्राच्या बाजूचं, गिपुस्कोआतलं, दोनोस्तियापासून हाकेच्या अंतरावरचं गाव. तिथून आयाको हारिया या डोंगराकडे निघालं की वाटेत आर्दितुरीच्या खाणी लागतात. रोमन लोकांनी इथे चांदी काढली होती. खाणीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून सपाट सायकलवाट जाते; खरा चढ त्यानंतर. आयाको हारियाची उंची अवघी ८३७ मीटर, आणि हा आकडा वाचून माणसं फसतात. सुरुवात समुद्रसपाटीपासून आहे हे ती विसरतात. शेतघरांकडे जाणारे काँक्रीटचे रस्ते नागमोडी वळत नाहीत, टेकडीच्या छातीवरून सरळ वर चढतात. उतरून सायकल ढकलायची वेळ इथे चांगल्या चांगल्यांवर येते.

वर पोहोचल्यावर बीच नावाच्या झाडांचं जंगल सुरू होतं, आणि इथे कितीही घाई असली तरी थांबाच. जुनी झाडं विचित्र आकाराची आहेत: बुटकं, जाडजूड खोड, आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वरून एकदम फुटलेल्या, आभाळाकडे सरळ गेलेल्या फांद्या. लोहारभट्ट्यांना कोळसा लागे. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झाड न पाडता फक्त फांद्या छाटत, आणि झाड पुन्हा फुटे. खोडांवर तळहात बुडेल इतकं शेवाळ असतं. पायाखालची मुळं मात्र उघडी, राखाडी आणि गुळगुळीत, वाटेला तिरकी आडवी गेलेली. या मुळांवर चाक मुळाला काटकोनात नेलं तर निघून जातं. तिरकं लागलं की पुढचं चाक मुळाच्या लांबीने घसरत जातं आणि तुम्ही खाली.

मी तसा पडलोय, पण दोष एकट्या मुळांचा नव्हता. भारतात आणि ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्पेनमधल्या भाड्याच्या सायकलींना तो सहसा डाव्या हाताला असतो. सरळ रस्त्यावर फरक जाणवत नाही. ओल्या उतारावर हात सवयीने डावं लिव्हर दाबून मागचं चाक रोखायला जातो आणि प्रत्यक्षात पुढचं चाक बांधलं जातं. माझा खांदा दोन आठवडे दुखत होता. तेव्हा सायकल ताब्यात घेताना दुकानदाराला ब्रेक बदलून द्यायला सांगा. ते नाही जमलं तर गवताच्या मैदानावर अर्धा तास तरी सराव करा. जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना ही अडचण येणार नाही.

आता डोंगराची पलीकडची बाजू. आराबातलं वितोरिया शहरच सव्वापाचशे मीटरवर वसलेलं आहे, त्यामुळे दक्षिणेच्या डोंगरात हजार मीटरचा माथा गाठायला निम्मंच चढावं लागतं. शहराभोवती हिरव्या उद्यानांचं कडं आहे. २०१२ सालची युरोपची हरित राजधानी म्हणून वितोरियाला निवडलं गेलं, त्यात या उद्यानांचा मोठा वाटा. हॉटेलातून निघावं, सायकलमार्गाने या उद्यानांपर्यंत यावं आणि गाडी न वापरता थेट डोंगराच्या वाटेला लागावं, ही सोय मला फार मोलाची वाटते.

पण आराबाकडे जायचं खरं कारण म्हणजे इस्की. वितोरियाच्या आग्नेयेला हे नैसर्गिक उद्यान आहे, आणि त्यात मारोखो या ओकचं अखंड जंगल. जमीन वाळूची. चिमूटभर माती उचलून बोटांत चोळलीत तर ती कोरडी किरकिरते, चिकटत नाही. रात्री पाऊस पडून गेला तरी सकाळी वाट चालवण्याजोगी असते, कारण पाणी वाळूतून खाली जिरलेलं असतं. त्याच सकाळी गिपुस्कोआत चिकणमाती चाकाला आणि फ्रेमला इतकी चिकटते की चाक फिरायचं थांबतं आणि काडीने खरवडावं लागतं. इस्कीच्या वाटा अरुंद आहेत, झाडांमधून वळत जातात, पण दगडाधोंड्यांचे धक्के कमी आणि उतार अंगावर येणारे नाहीत. माउंटन बाइकसाठी आखलेले मार्ग आहेत, अवघडपणानुसार रंगांच्या खुणा आहेत. नवख्याला हिरव्या किंवा निळ्या खुणेवर दिवसभर बिनधास्त सोडता येतं. उद्यानाचं माहिती केंद्र कोर्रेस या डोंगरावरच्या लहानशा गावात आहे. निघण्याआधी तिथे डोकावा, कारण नैसर्गिक उद्यानांत कोणत्या वाटेवर सायकल चालते याचे नियम असतात.

आराबाची बाजू कमी कुठे पडते? समुद्र नाही, संध्याकाळी दोनोस्तियाच्या जुन्या गल्ल्यांतली ती वर्दळ नाही. इस्कीला वितोरियाहून गाडीने जावं लागतं, नाहीतर माएस्तू किंवा कान्पेसूसारख्या गावात राहावं लागतं. हिवाळा बोचरा. धुकं आणि दव गोठवणारी थंडी यांमुळे लोक वितोरियाला ‘सायबेरिया-गास्तेइस’ म्हणतात; गास्तेइस हे शहराचं बास्क नाव. आणि कसलेल्या रायडरला तिसऱ्या दिवशी इस्की सपक वाटायला लागतं, हे कबूल करायला हवं. गिपुस्कोआचे उतार कधीच सपक वाटत नाहीत.

सायकल कोणती घ्यावी हेही बाजूवर अवलंबून. भाड्याच्या दुकानात ओर्बेआ कंपनीची सायकल समोर येण्याची शक्यता बरीच, आणि ती इथलीच. १८४० साली एइबार गावात बंदुका बनवायला सुरू झालेला हा कारखाना पुढे सायकलींकडे वळला. आज तो बिस्कायातल्या मायाबिया गावात आहे. त्यांच्या एका हलक्या क्रॉस-कंट्री सायकलचं नाव ‘ओइस’, म्हणजे बिस्कायातल्याच एका डोंगराचं नाव. इस्कीसाठी अशी हलकी सायकल किंवा साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकलही पुरते. ओयार्त्सुनच्या बाजूला मात्र दोन्ही चाकांना १४० मिलिमीटरच्या आसपास सस्पेन्शन, रुंद आणि मऊ रबराचा पुढचा टायर आणि नेहमीपेक्षा थोडी कमी हवा, यात तडजोड नको. चढांचा धसका असेल तर ई-बाइक घ्या. गिपुस्कोआत तिच्यावरचा खर्च सार्थकी लागतो, आराबात तिची गरज वाटत नाही.

उत्तरेकडे आणखी एक अडचण आहे, ती प्रवासी माहितीपत्रकांत सापडत नाही. गिपुस्कोआ आणि बिस्कायाच्या डोंगरांवर लाकडासाठी लावलेल्या पाइनची मोठी बनं आहेत. २०१८ च्या सुमारास त्यांच्यावर सुया वाळवणारा बुरशीजन्य रोग पसरला आणि मोठ्या प्रमाणावर तोड झाली. ओंडके ओढणारी यंत्रं जिथे फिरतात तिथली पायवाट उरत नाही. फोनमधला जीपीएस ट्रॅक सरळ जातो आणि समोर चिखलाचा उघडा उतार असतो. त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वीचा ट्रॅक उतरवून घेऊन एकट्याने जंगलात शिरू नका. इथे मला स्थानिक वाटाड्यावर पैसे खर्च करणं योग्य वाटतं. इस्कीत खुणांवर भागतं.

खाण्याचं थोडक्यात. मांस-मासे खाणाऱ्याला दोन्हीकडे चंगळ आहे. शाकाहाऱ्याने अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड आम्लेट, आणि तळून वर जाड मीठ टाकलेल्या गेर्निकाच्या कोवळ्या हिरव्या मिरच्या लक्षात ठेवाव्यात. तोलोसाचा काळा घेवडा सुंदर लागतो, पण त्यासोबत सहसा मांस असतं, आधी विचारा. इदियासाबाल चीज कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांना चालणार नाही, ते सहसा कोकराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात.

सोबत सायकल न चालवणारं किंवा रस्त्यापुरतीच चालवणारं कुणी असेल तरी अडत नाही. उत्तरेला लेइत्सारानच्या दरीतून १९५३ साली बंद झालेल्या प्लासाओला रेल्वेचा मार्ग आता सायकलवाट झालाय, एकामागून एक बोगद्यांतून जाणारा. दिवा न्यायला विसरू नका. आराबात १९६७ अखेर थांबलेल्या वास्को-नाव्हारो रेल्वेचा मार्ग आहे, उघड्या शेतांमधला आणि शांत. मुलं बरोबर असतील तर मी दुसरा निवडेन.

महिना म्हणाल तर उत्तरेसाठी जून किंवा सप्टेंबर. आराबासाठी मे ते ऑक्टोबर, जुलै-ऑगस्टच्या टळटळीत दुपारी वगळून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीचची पानं तांबूस सोनेरी होतात, पण तोच रानकबुतरांच्या आणि डुकरांच्या शिकारीचा हंगाम. शनिवार-रविवारी भडक रंगाचं जॅकेट घाला आणि शिकारीची पाटी दिसली तर वाट बदला.

मला पुन्हा पाच दिवस मिळाले तर पहिले दोन इस्कीला आणि शेवटचे तीन ओयार्त्सुनला घालवीन, याच क्रमाने. वाळूवर हाताला डाव्या-उजव्या ब्रेकची सवय होते, पायांना चढाची. मग वितोरियाहून बसने दोनोस्तिया, साधारण शंभर किलोमीटर. आणि वर कुरणात लात्सा जातीच्या लांब केसांच्या मेंढ्या दिसायला लागल्या की लाकडी फाटकं येतात: उतरा, फाटक उघडा, सायकल पलीकडे घ्या, आणि कडी पुन्हा घट्ट लावली का ते हाताने ओढून बघा. वाट आपल्याला मिळते ती त्या मेंढ्यांच्या मालकामुळे.