लेकरांच्या रात्रीच्या जेवणाला: मुगाची खिचडी की ज्वारीच्या कण्या?

एक लेकरू दीड-दोन वर्षांचं, दुसरं शाळेत जाणारं, आणि दिवसभराच्या कामानंतर सगळ्यांना पुरेल असं एकच काहीतरी शिजवायचंय. परभणी-लातूरकडच्या बऱ्याच घरांत अशा वेळी खिचडीच होते, कारण ती हमखास जमते. रोजच्यासाठी मी कण्यांच्या बाजूची आहे, पण खिचडीचं पारडं कुठे जड आहे ते आधी सांगते.

वेळेत खिचडीला तोड नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ धुतली, हळद-हिंग घातला, चौपट पाणी ओतून तीन-चार शिट्ट्या केल्या की झालं. दात येताना, ताप उतरल्यावर, पोट बिघडल्यावर लेकरू दुसरं काही तोंडात घेत नाही, तेव्हाही हीच उपयोगी पडते. रेशनचा तांदूळ घरात असला तर खर्चही कमी.

कण्यांची तयारी आधी करावी लागते. ज्वारीला पाण्याचा हात लावून, थोडी मुरू देऊन गिरणीत जाडसर भरडून आणायची. गिरणीवाला नाही म्हणाला तर मिक्सरला थांबून थांबून फिरवायची. मग चाळायचं: चाळणीत राहतात त्या कण्या, खाली पडतं ते पीठ. ते पीठ धपाट्यांत जातं, वाया काहीच जात नाही. रविवारी एवढं करून ठेवलं की आठवडाभराची सोय होते.

शिजवताना कण्या अर्धा तास भिजवून चार-पाच पट पाण्यात कुकरला लावायच्या. झाकण उघडल्यावर एक कणी बोटांत दाबून बघा. आत पांढरा कडक ठिपका लागला तर गरम पाणी घालून आणखी शिजवा. नीट शिजलेली कणी बोटांत विरघळते. लेकरं कण्या थुंकतात ती बहुतेक अर्धकच्च्या राहिल्यामुळेच.

आता पोषण. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात प्रथिनं ८ ग्रॅमच्या आसपास आणि लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. तंतू ज्वारीत कितीतरी जास्त, त्यामुळे शौचाला खडा होणाऱ्या लेकरांना फरक पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली आलेलं ‘परभणी शक्ती’ हे वाण तर लोह आणि जस्त वाढवण्यासाठीच काढलेलं आहे. शेत असेल तर या वाणाची चौकशी जरूर करा.

पण नुसत्या कण्या खिचडीची बरोबरी करत नाहीत, हेही तितकंच खरं. मुगाच्या डाळीत २४ टक्के प्रथिनं असतात. शिवाय ज्वारीत जे लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं. त्यामुळे कण्या करायच्या तर सोबत वरण, दूध किंवा ताक हवंच. ज्वारीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, म्हणून तिखटा-मिठाच्या कण्यांवर लिंबू पिळा. गोड हव्या असतील तर दूध-गूळ.

उरलेल्याचं म्हणाल तर सकाळी गार कण्यांत ताक आणि जिरं कालवलं की मोठी मंडळी आवडीने खातात. खिचडीचे धपाटेही चांगले होतात. पण भात असो की कण्या, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेलं लेकरांना देऊ नका. फ्रिज नसेल तर मोजकंच शिजवा.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर सहा महिने पूर्ण झाल्यावर खिचडीच आधी, छान घोटून, बिनमिठाची. ज्वारी द्यायची तर पिठाची पेज, कण्या नंतर. आणि अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या पानात नकोत, घशात अडकतात. कूट चालतं.

दोघं नोकरीला जाता, रविवारीही भरडायला सवड नाही, तर खिचडीच करा आणि मूठभर पालक किंवा मेथी चिरून घाला. गावाकडून ज्वारीचं पोतं येत असेल, घरात आजी असतील, तर आठवड्यातून तीन-चार दिवस कण्या करा. मन ठरत नसेल तर दोन वाट्या कण्यांना एक वाटी मुगाची डाळ घालून एकत्रच शिजवा. वरून लसणाची फोडणी द्या, पण तिखट लेकरांचं वाढून झाल्यावर.