स्टुडिओवाल्यांनो, ‘कॅलिब्रेशन’ करून देणाऱ्यापासून सावध राहा: माझे 22,340 रुपये गेले

सोळा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, नागपुरात उमरेड रोडच्या बाजूला स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि तरी मी फसलो. लिहायला लाज वाटते. घरीसुद्धा पंधरा दिवस सांगितलं नव्हतं. पण तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला आणि सीताबर्डीच्या एका लॅबवाल्याने सांगितलं की तो माणूस अजूनही दुकानं फिरतोय. म्हणून लिहितोय.

मे महिन्यातली दुपार. कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनवरचे आणि कागदावरचे रंग जुळवून देतो म्हणत तो माणूस स्टुडिओत आला. मागे एक प्रिंट लटकवलेला होता, त्याकडे बघून म्हणाला, “भाऊ, तुमच्या प्रिंटमध्ये लाल रंग मरून राहिला ना.” खरंच मरत होता. वधूचा राणी रंगाचा शालू स्क्रीनवर एक दिसायचा आणि कागदावर दुसरा, या दुखण्याने मी आधीच वैतागलो होतो. तो स्क्रीनच्या पांढऱ्या रंगाची, छटांची आणि उजेडाची मापं, 6500 केल्विन, गॅमा 2.2, 120 कँडेला, अशी धडाधड बोलला. आकडे बरोबर होते. येणाऱ्याला इतकं माहीत असेल तर कोण संशय घेईल?

मॉनिटर, प्रिंटर आणि तीन कागदांचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे छापायचे ते सांगणाऱ्या फाइल्स) मिळून 14,500 रुपये, दर तीन महिन्यांनी फुकट तपासणी. 9,000 यूपीआयने दिले, 5,500 रोख. बिल “उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर”. हे पैसे मला जास्त वाटले नाहीत, कारण रंग मोजायची यंत्रं स्वस्त नसतात, आणि कागद मोजणारं तर स्क्रीनवाल्यापेक्षा कितीतरी पट महाग असतं.

उन्हातून आला म्हणून मी आत माठातलं पाणी आणायला गेलो. परत आलो तर स्क्रीन पिवळट. “बघा, हे तुमचं खरं रूप,” म्हणाला. मग स्क्रीनचे रंग मोजायची काळी डबी स्क्रीनवर टेकवली, काहीतरी चालवलं आणि पाच मिनिटांत स्क्रीन स्वच्छ. मी खूश झालो. महिन्याभराने विंडोजची नाइट लाइट सेटिंग (रात्री स्क्रीन पिवळट करणारी) उघडली, तर तिची पट्टी पार टोकापर्यंत ओढलेली. मी ती आयुष्यात वापरलेली नाही. मी पाणी आणतोय आणि हा माझ्याच मशीनवर पिवळा पडदा ओढतोय!

पण खरी खूण त्यानंतरची होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. त्याने एक फोटो छापला आणि तीच डबी कागदावर ठेवली. तीच! स्क्रीन स्वतः उजेड टाकते, तो उजेड ही डबी मोजते. कागद उजेड टाकत नाही. त्यासाठी स्वतःचा दिवा असलेलं स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतं, आणि मोजायचा असतो शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता, तोही शाई नीट वाळल्यावर. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. मनात आलंही, “ही डबी कागदावर कशी चालेल?” पण दारात गिऱ्हाईक उभं होतं, समोरचा इतका ठामपणे बोलत होता, आणि मी तोंड उघडलं नाही. तो एक प्रश्न विचारला असता तर तिथेच संपलं असतं. अजून रात्री तोच कागद, तीच डबी दिसते.

त्याने दिलेल्या तिन्ही फाइल्सना माझ्या स्टुडिओचं नाव होतं. पण फोटोशॉपच्या यादीत प्रोफाइलचं आतलं नाव दिसतं, आणि तिथे कागद कंपनीचंच नाव होतं. फुकट मिळणाऱ्या फाइल्स, वरचं नाव बदललेलं. प्रोफाइल घेतलंत तर आधी ही यादी बघा. त्यात त्याने सांगून ठेवलं, प्रिंटर ड्रायव्हरमधला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) रंग ‘ऑटो’ राहू द्या. फोटोशॉप रंग सांभाळत असेल तर ड्रायव्हरचा बंद करायचा असतो, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. तशीच झाली. हळद केशरी, माणसं विटकरी. आख्खा अल्बम पुन्हा छापला, 7,840 रुपये. मुलीच्या वडिलांनी दुकानात चार माणसांसमोर तो अल्बम टेबलावर ठेवला, ते मी विसरणार नाही.

त्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात गेलो, तर “पैसे तुम्हीच आपल्या हातानं देले ना? मग फसवणूक कशाची? दिवाणी मामला आहे.” दोन तास बाकावर बसवून अर्जावर आवकचा शिक्का मारला, तारीख 12 जून. सायबर हेल्पलाइनवाले म्हणाले, माणूस दुकानात आला होता, म्हणजे ऑनलाइन गुन्हा नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. दुसऱ्या हेल्पलाइनला त्या माणसाचा जीएसटी नंबर हवा. फसवणारा जीएसटी नंबर देऊन जातो का? एका बाबूने तर तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाहीच, असं सांगून वाटेला लावलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी सूट आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. हे मी घरी बसून शोधलं. खुर्चीवर बसलेल्याला का माहीत नसावं? पण ग्राहक आयोगातही समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे फक्त एक व्हिजिटिंग कार्ड. त्यावरचा पत्ता खोटा निघाला, मी स्वतः जाऊन आलो.

बिलाशिवाय रुपया देऊ नका. काम चालू असताना मशीन सोडून उठू नका, पाणी पोराला आणायला सांगा. आणि डबी कागदावर टेकली की तिथेच हात धरा.

12 जूनपासून आजपर्यंत ठाण्यातून एक फोन नाही.