ओटीजी आणि गॅस शेगडी : खानदेशातल्या विजेवर, उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत वापरल्यानंतर

३० लिटरचा, १५०० वॅटचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला विजेचा ओव्हन) आणि काचेची तीन बर्नरची शेगडी. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात ही दोन्ही उपकरणं कडक उन्हाळ्यापासून थंडी संपेपर्यंत नेमाने वापरली. काम मुख्यतः बट्टी, नानकटाई, ब्रेड आणि भरिताची वांगी. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं या मापाच्या बहुतेक ओटीजींना लागू पडतं.

आधी मत सांगतो. ओटीजी चांगला आहे, पण त्याच्याबद्दलची "तापतच नाही" ही तक्रार बऱ्याचदा ओटीजीची नसते. ती व्होल्टेजची, सॉकेटची किंवा ठेवण्याच्या जागेची असते. मेकॅनिकने पाठ उघडण्याआधी मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं मीटर) लावून पाहावं.

ओव्हनच्या तापणाऱ्या रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा ओव्हन २०० व्होल्टला ११३० वॅटच्या आसपास येतो आणि १८० व्होल्टला जेमतेम ९२० वॅट. म्हणजे व्होल्टेज पाव हिस्साही उतरलेलं नसतं, पण उष्णता चाळीस टक्क्यांनी गेलेली असते. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की काही गावांत संध्याकाळी एवढी घट सहज दिसते. अशा वेळी प्रीहीटला दुप्पट वेळ लागतो, बट्टी आतून वाळते आणि वरून पांढरीच राहते. तापमानाची खुंटी २५० वर नेऊन काही होत नाही. खुंटी फक्त रॉड कधी बंद करायचा ते ठरवते, रॉडची ताकद वाढवत नाही.

हे तपासायची रीत अशी. ओव्हन बंद असताना शेजारच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा, मग ओव्हन पूर्ण ताकदीने लावून पुन्हा मोजा. आधीच १९० असेल तर दोष बाहेरच्या पुरवठ्याचा. पण आधी २२५ आणि ओव्हन लावताच २०५ झालं, तर वायरिंग बारीक आहे किंवा कुठेतरी सांधा सैल आहे. हा दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे. २० व्होल्टची घट आणि जवळपास ६ अँपिअरचा प्रवाह म्हणजे शंभर वॅटहून जास्त उष्णता वाटेतल्या तारांत आणि सांध्यांत जिरते. सॉकेट गरम लागणं, पिन काळी पडणं, जळका वास येणं, ही त्याचीच लक्षणं. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, त्यामुळे जाड पिनचा प्लग आणि १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. एक्स्टेंशन बोर्डावर हा ओव्हन कधीही लावू नये. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर किमान २ केव्हीएचा घ्यावा, टीव्हीचा इथे उपयोगाचा नाही. एरवी ज्या वेळी व्होल्टेज बरं असतं त्या वेळी भाजणं उरकावं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

व्होल्टेज ठीक असून ओव्हन थंडच असेल तर आधी टायमर बघा. बहुतेक ओटीजीत टायमर शून्यावर असेल तर रॉडला वीजच जात नाही. तेही नसेल तर पाठ न उघडता करता येण्यासारखी एक चाचणी आहे. प्लग काढून ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. टायमर चालू, थर्मोस्टॅट (तापमानाची खुंटी) सर्वांत वर, ओव्हनमधला पंखा बंद, सिलेक्टर (कुठले रॉड लावायचे ती खुंटी) वर-खाली दोन्ही रॉडवर. आता प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये ओहम मोजा. १५०० वॅटला ३५ ओहमच्या जवळपास आकडा यायला हवा (२३० चा वर्ग भागिले वॅट), गार रॉडवर किंचित कमीही येतो. सिलेक्टर फक्त खालच्या रॉडवर नेला की ७० च्या आसपास, फक्त वरच्यावर नेला तरी तेवढाच, अर्थात दोन्ही बाजू सारख्या वॅटच्या असतील तर. एका बाजूला ७० येतात आणि दुसऱ्या बाजूला मीटर काहीच दाखवत नाही, तर त्या बाजूचा रॉड, त्याची थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) किंवा सिलेक्टरचा संपर्क गेला आहे. एका बाजूचे दोन रॉड एकामागे एक जोडलेले असतात तिथे एक तुटला की दोन्ही विझतात, म्हणून दोन्ही रॉड बदलायची घाई करू नये. सगळीकडेच काही दाखवत नसेल तर टायमर, थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज (ओव्हन अति तापला की वीज तोडणारा) गेला आहे.

थर्मल फ्यूजबद्दल स्पष्ट लिहितो. काही जण तो काढून सरळ तार जोडतात आणि ओव्हन चालू करून देतात. हे मुळीच चालवून घेऊ नये. थर्मोस्टॅट चिकटला तर ओव्हनला थांबवणारी ती शेवटची गोष्ट असते. त्याच तापमानाचा नवा फ्यूज बसवायला सांगा. रॉडच्या टोकाला डाग दिलेला सांधाही नको. साधं सोल्डर १८०-१९० अंशांना वितळतं. तिथे दाबून बसवलेली थिंबल आणि फायबरग्लासच्या वेष्टनाची तारच टिकते.

पावसाळ्यात ओव्हन लावताच ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडण्याचा प्रकार वेगळा. धातूच्या नळीच्या रॉडमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती बरेच दिवस बंद असलेल्या ओव्हनमध्ये ओल धरते. अर्थिंगच्या पिनेपासून फेजपर्यंत मीटरवर काही आकडा दिसत असेल तर ओव्हन लावू नका, मेकॅनिकला द्या. अर्थिंगची पिन काढून चालवणं म्हणजे ओव्हनची बाहेरची पेटी जिवंत करणं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं १५० वर तापवला तर ही ओल धरतच नाही.

आता थर्मोस्टॅट, जिथे हा ओटीजी मला कमी पडलेला वाटतो. लहान ओटीजीत बऱ्याचदा दोन धातूंच्या पट्टीचा थर्मोस्टॅट असतो आणि तो खुंट्यांच्या मागच्या कप्प्यात बसतो, भाजण्याच्या जागेत नाही. त्यामुळे तो कप्पा तापला की रॉड लवकर बंद होतो. पहिला घाणा उत्तम आणि दुसरा फिकट, याचं कारण बहुधा हेच. मे महिन्यात स्वयंपाकघरच चाळिशीत असतं आणि ओटीजी भिंतीला टेकलेला किंवा शेगडीशेजारी असेल तर हा फरक वाढतो. चारी बाजूंनी किमान चार इंच आणि वर सहा इंच मोकळं ठेवलं की बराच सुधारतो. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. १८० वर लावलेल्या ओव्हनमध्ये तापमान १६५ ते १९५ मध्ये खेळत असेल तर ते नेहमीचं आहे. सतत १५० वर अडकलं तर थर्मोस्टॅट बदलायचा. रॉडचा लाल रंग मधेच जातो म्हणजे बिघाड नव्हे.

बट्टीसाठी बसलेलं माप : २०० वर १५ मिनिटं प्रीहीट, मग १८० वर मधल्या कप्प्यात २५ ते ३० मिनिटं, अर्ध्यात एकदा उलटून. लिंबाएवढे गोळे, ट्रेमध्ये बोटभर अंतरावर. पूर्ण ट्रे भाजला की कुठल्या कोपऱ्यातली बट्टी जास्त लाल झाली ते पाहून ठेवा, ओव्हनची गरम जागा तीच. तळाच्या ट्रेला अॅल्युमिनियम फॉइल लावू नये, खालची उष्णता परत फिरते आणि रॉडचं आयुष्य घटतं. भरिताची वांगी मात्र ओटीजीत नकोत. शिजतात, पण तो धुराचा वास येत नाही. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या नसतील तर शेगडीची उघडी ज्योतच बरी.

शेगडीत ज्योत पिवळी पडणं हीच मुख्य कटकट. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला हवा कमी पडतेय, भांडी काळी होतात ती त्यामुळेच. शेगडीखाली कागद किंवा रेक्झिन अंथरलेलं असेल तर आधी ते काढा, कारण काचेच्या शेगडीला हवा जेटजवळून (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोंडाजवळून), खालून मिळते. मग रेग्युलेटर बंद करून बर्नर उचला. पितळी टोपी गरम पाणी आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा, भोकं लाकडी काडीने मोकळी करा, मिक्सिंग ट्यूब (गॅस आणि हवा मिसळते ती नळी) आतून ब्रशने साफ करा. कोळ्याचं बारीक जाळं तिथेच अडकतं. पूर्ण वाळल्यावरच बसवा, ओला बर्नर फुरफुरतो. टोपी तिरकी बसली तर गॅस बंद करताना 'फट्' आवाज येतो. जेटमध्ये सुई घालू नये. जेट पितळेचा, भोक मोठं झालं की गॅस जास्त आणि हवा तेवढीच, मग ज्योत कायमची पिवळी.

खापरावर मांडे करताना ज्योत पिवळी होते ती वेगळ्या कारणाने. मोठं खापर बर्नर झाकून टाकतं आणि जळलेला वायू बाहेर निघत नाही. उंच तिवई लावून खापर वर घ्यावं, खुंट्याही वाचतात.

थंडीत सिलिंडर संपत आला की ज्योत बारीक होते. उरलेल्या गॅसमध्ये ब्युटेनचा वाटा जास्त असतो, तो शून्य अंशांच्या आसपासच उकळतो आणि गॅस निघताना सिलिंडर आणखी गार पडतो. दोन मोठे बर्नर एकदम लावू नका, एवढंच. सिलिंडर आडवा करू नये, द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत एकदम भडकते. गरम पाण्यातही ठेवू नये. नळी वाकलेली नाही ना आणि तिच्यावरचं वर्ष पाच वर्षांपेक्षा जुनं नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावं. गॅसचा वास येत असेल तर स्वतः काही उघडायचं नाही : रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन.