होडीची आउटबोर्ड मोटर स्टार्ट होत नाही आणि मेकॅनिक बघताक्षणी ‘सीडीआय गेला’ म्हणाला तर हे वाचा

मालवणजवळ देवबागला आमची छोटी फायबरची होडी आहे, तिच्यावर जुनी टू स्ट्रोक पंधरा हॉर्सपॉवरची मोटर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि पुढेही समुद्राचा भरवसा नसतो, त्यामुळे मोटर पावसाळाभर पडवीत स्टँडवर गोणपाट घालून ठेवलेली. नारळी पौर्णिमा झाल्यावर चढवली तर चालूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली पण साधी फुरफुरलीसुद्धा नाही.

आता जुनी मोटर म्हटल्यावर आधी पेट्रोलवरच संशय जातो, आणि तो बरोबरच असतो बऱ्याचदा, कारण हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात आपल्याकडचा पावसाळा. म्हणून मे महिन्यातलं सगळं काढून टाकलं, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून तीही रिकामी केली, नवीन पेट्रोलात लिटरला २० मिली आउटबोर्डचं ऑइल घातलं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला, पेट्रोलच्या नळीतला रबरी बल्ब घट्ट होईपर्यंत दाबला. चोक ओढून परत दोरी, तरी नाही. मग प्लग काढले तर दोन्ही ओलेचिंब, म्हणजे पेट्रोल आत पोचतंय. प्लग कॅपमध्ये घालून बाहेरचं लोखंड इंजिनाच्या बॉडीला टेकवून दोरी ओढली, स्पार्क नाही. दोन्हीला नाही. (हे करताना प्लग भोकापासून लांब धरा, आतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.)

मग मेकॅनिकला बोलावलं. नाव लिहीत नाही, बाजारात बसतो, बोलायला एकदम गोड. आला, कव्हर काढलं, एकदा दोरी ओढली आणि म्हणाला, ‘सीडीआय गेलो रे भावा, ह्येच्यात काय जीव नाय.’ हातात मीटर नाही की काही नाही! सीडीआय म्हणजे प्लगला स्पार्क देणारा काळा डबा, आत सर्किट आणि वरून रेझिन ओतून बंद केलेलं, तो नुसता बघून चांगला की वाईट हे कुणालाच कळत नाही. नवीन घ्यायचा तर बरेच पैसे आणि येईल कधी ते सांगता येत नाही, पण त्याच्याकडे एक ‘सेकंडहँड ओरिजिनल जपान’ पीस पडलेला होता म्हणे. साडेनऊ हजार पीसचे आणि पंधराशे मजुरी. सीझन तोंडावर, पप्पा म्हणाले घाल बाबा.

बसवला, दुसऱ्या ओढीला मोटर चालू. सगळे खूश. जुना डबा त्याने स्वतःच्या पिशवीत टाकला, मी मागितला तर म्हणे भंगार आहे, काय करतलंस. आणि जाता जाता बोलला की स्टॉप स्विच जरा खराब आहे, तो नंतर बघूया, तोवर ‘चोक वडून बंद कर’. चोक ओढला की मोटर गुदमरून बंद पडते, तसं आम्ही चालवत राहिलो.

गणपतीला माझा आतेभाऊ मुंबईहून आला, तो बोटींच्या इलेक्ट्रिकल कामातला माणूस. मोटर चोकने बंद करतोय हे बघून त्याने विचारलं, मनगटाला बांधायची ती लाल दोरी ओढून बघितलीस का? तिची क्लिप निघाली की मोटर बंद पडायला हवी. ओढली, क्लिप निघून हातात आली आणि मोटर आपली चालूच. म्हणजे खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर लाटेत कोणी बाहेर फेकला गेला असता तर होडी मोकळी फिरत राहिली असती आणि पंखा पाण्यातल्या माणसावर. यावर तो जो काही भडकला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कव्हर उघडलं तर सीडीआयकडे जाणारी स्टॉप स्विचची वायर काढून वर काळी टेप गुंडाळून आत खुपसून ठेवलेली. ह्या मोटरींमध्ये बंद करायची पद्धत अशी असते की बटण दाबलं किंवा क्लिप निघाली की ती वायर बॉडीला जोडली जाते आणि सीडीआयचा करंट तिकडे वाहून जातो, स्पार्क थांबतो. त्याने टेप सोडून वायर परत जोडली, स्पार्क गायब. काढली, स्पार्क हजर. मग मीटर लावला तर क्लिप बसलेली असतानाही स्विच बॉडीला कंटिन्युटी दाखवतोय, म्हणजे वायर कायम बॉडीला जोडलेलीच. स्विच उघडला तर आत मीठ आणि हिरवा गंज गच्च भरलेला. खराबी एवढीच होती, शे-दोनशे ते हजार-बाराशेचं काम. मेकॅनिकला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, नाहीतर ती वायर काढून टेप कशाला मारेल तो?

म्हणून दोन्ही प्लगला एकदम स्पार्क गेला की सगळ्यात आधी क्लिप नीट बसलीय का बघा आणि मग स्टॉपची वायर सोडून स्पार्क बघा. आला तर स्विच किंवा त्याची वायरिंग. ही फक्त तपासणी आहे हां, वायर सोडून होडी पाण्यात नेऊ नका. नाही आला तर फ्लायव्हीलखालच्या चार्ज कॉइलचा (सीडीआयला करंट देते ती) आणि पल्सर कॉइलचा (स्पार्क कधी पाडायचा तो इशारा देते ती) रेझिस्टन्स मीटरने मोजून त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचा, तो बरोबर असेल तर मग सीडीआयवर संशय, आणि तेव्हाही नक्की चालू असलेला दुसऱ्याचा लावून खात्री करायची, मगच पैसे मोजायचे.

पण खरी गंमत पुढेच आहे. आमच्या जुन्या सीडीआयचा एका बाजूचा कान तुटलेला होता, तो पप्पांनी एम-सीलने जोडून त्यात स्टीलची तार घातली होती. गणपतीनंतर खाडीपलीकडे एका ओळखीच्या दादाकडे जाळ्याच्या कामाला गेलो, त्याची मोटर उघडी होती, आणि आत आमचा डबा! तोच एम-सील, तीच तार. त्याचीही मोटर स्टार्ट होत नव्हती, त्यालाही ‘सेकंडहँड ओरिजिनल जपान’ म्हणून विकलेला, आमच्यापेक्षा हजार रुपये जास्त घेऊन. आता ह्याचा काढलेला कुठे गेला ते देवाक माहीत. एकाचा चांगला डबा काढायचा, दुसऱ्याला विकायचा, त्याचा तिसऱ्याला, भांडवल शून्य.

मेकॅनिकला जाऊन विचारलं तर आधी ओळख नाही, मग ‘माझो कामवालो चुकलो’, मग बरीच माणसं जमल्यावर चार हजार परत दिले. बाकीचे दसऱ्यानंतर देतो म्हणाला, आता फोन उचलत नाही. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर फक्त ‘सीडीआय’ आणि रक्कम, सही नाही. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, जिल्हा ग्राहक आयोगातही जायचं ठरवलंय. काही जण म्हणाले मासेमारी धंदा आहे म्हणून तुम्ही ग्राहक होत नाही, ते खरं नाही, २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत. जीपे केलं होतं तेवढा एक पुरावा हातात आहे.

आमचा डबा त्या दादाकडेच ठेवलाय, त्याने पैसे मोजून घेतलाय आणि त्याची मोटर त्याच्यावर चालतेय, कुठल्या तोंडाने मागणार. आमच्या मोटरीत आता जो बसलाय तो कुणाचा तरी असणारच. त्याच्या मागच्या बाजूला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका आहे आणि लाल वायरीला मधेच जोड देऊन पांढरी पट्टी गुंडाळलीय. मालवण, वेंगुर्ल्याच्या बाजूला कोणाचा सीडीआय यंदा ‘गेला’ असेल आणि ही खूण ओळखत असेल तर कळवा.