आंबा-अननस हर्बल टी: जास्वंदीचा घ्यावा की रूइबॉसचा?

झोप आणि साखर, दोन्हींसाठी संध्याकाळचा चहा सोडायचं ठरवलं आणि त्याच्या जागी आंबा, अननस, पॅशनफ्रूट अशा स्वादाचा हर्बल टी घरात आला. गेल्या पावसाळ्यापासून रंकाळ्यावर फिरून आलं की एक कप, असा क्रम आहे. दोन प्रकार आलटून पालटून प्यालो: एकात मुख्य माल जास्वंद, दुसऱ्यात रूइबॉस नावाचं आफ्रिकेतलं झुडूप. चहापत्ती दोन्हींत नाही, त्यामुळे कॅफिनचा प्रश्न नाही. झोपेला मला दोन्ही सारखेच मानवले.

खोक्यावरच्या फळांच्या चित्रांवर जाऊ नका. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, ती वाचा. माझ्या पहिल्या खोक्यावर आधी जास्वंद, मग सफरचंद आणि आंबा-अननस पार खाली. एक पुडी ताटलीत फोडून बघितली. गडद लाल तुकडे, सफरचंदाचा फिकट चुरा आणि हरभऱ्याच्या डाळीहून लहान असे चार-पाच पिवळे कण. त्यातला एक भिजवून चावला. गोडसर होता, पण अननस म्हणून ओळखू आला नसता. फळाचा वास येतो तो वरून घातलेल्या स्वादाचा. रूइबॉसच्या डब्यातही तसंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते आंबटपणाबद्दल. ही जास्वंद म्हणजे आपण देवाला वाहतो ती नव्हे, ही लाल अंबाडी. तिच्या फुलाच्या तळाची जाड लाल निदलं वाळवून घालतात आणि ती चांगलीच आंबट असतात. कप नाकाशी नेला की आंबा, घोट घेतला की आमसूल. आईनं एक घोट घेऊन विचारलं, "सार केलंयस व्हय रं?" मग सवयीनं तिनं वरून दूध घातलं. गंगावेशीतून आणलेलं ताजं म्हशीचं दूध, पण कपात पडल्या पडल्या फाटलं.

मग गुळाचा खडा घालून बघितला. चव सुरेख जुळली, पन्ह्याच्या जवळ गेली. पण आठवड्याभरात एकाचे दोन खडे झाले. साखर कमी व्हावी म्हणून चहा सोडला आणि इथं गूळ वाढत चालला. बिनगुळाचा प्यावा तर मला दात आंबल्यासारखं व्हायचं. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

रूइबॉस हे दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्ग डोंगरांकडचं झुडूप. त्याची स्वतःची चव सौम्य, किंचित लाकडासारखी, मागून मधाची आठवण देणारी. तिच्यावर आंब्याचा स्वाद शेवटच्या घोटापर्यंत टिकतो आणि गोड काही घालावंसं वाटत नाही. त्यात टॅनिन, म्हणजे चहाला तुरट-कडू करणारं द्रव्य, तेही कमी. एकदा पावसाची सर आली म्हणून गच्चीवरचे कपडे काढायला धावलो आणि पुडी २० मिनिटं कपातच राहिली. चहापत्ती असती तर तोंडात घेववला नसता. हा थोडा दाट झाला, कडू नाही.

सुटा घेतलात तर त्याच्या बारीक काड्या आपल्या नेहमीच्या गाळणीतून निसटून कपात येतात. मी वर पातळ फडकं धरतो. पॅशनफ्रूटची गंमत मात्र यात निम्मीच कळते, त्या फळाला आंबटपणाचीच जोड लागते.

उन्हाळ्यात माझा कौल जास्वंदीला. पुड्या रात्रभर थंड पाण्यात फ्रीजमध्ये ठेवायच्या, सकाळी चिमूटभर मीठ घालायचं. तेव्हा तोच आंबटपणा हवासा वाटतो. ज्यांना अंबाडीची भाजी, कोकम मनापासून आवडतं, त्यांना तो गरमही आवडेल. रोज संध्याकाळी गरम प्यायचा असेल तर मी रूइबॉसच सुचवीन. आधी लहान पाकीट घ्या, पाणी खळखळ उकळतं घ्या आणि ६-७ मिनिटं कपावर बशी झाकून ठेवा. उघडा ठेवलात तर आंब्याचा वास वाफेबरोबर निघून जातो.