पुण्यात कामासाठी दोन रात्री: चेन हॉटेल की स्थानिक हॉटेल?

नागपूर, नांदेड, कोल्हापूरहून ऑफिसच्या कामासाठी पुण्याला येणारे बहुतेक जण आधी ॲपवर रेटिंग बघतात. माझं सांगणं असं, की त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: गाडी पुण्यात किती वाजता पोचते आणि सकाळी कुठल्या गेटवर हजर व्हायचंय. निम्मा निर्णय तिथेच होतो.

काम हिंजवडीत असेल तर आयबिस आणि लेमन ट्री, या दोन्ही चेनची हॉटेलं हिंजवडीतच आहेत. तरीही विमानतळ जवळ म्हणून विमाननगरचं आयबिस घेणारे भेटतात, आणि मग रोज सकाळी पंचवीसेक किलोमीटर शहर ओलांडत बसतात. वाकडचा पूल आणि भूमकर चौक गर्दीच्या वेळी ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खोलीभाड्यात काही वाचलं तरी ते कॅब खाऊन टाकते. काम खराडी किंवा विमाननगरला असेल तर मात्र तेच हॉटेल अगदी सोयीचं. चाकण, भोसरीच्या कारखान्यांसाठी पिंपरीचं जिंजर बरं पडतं. शिवाय पिंपरीहून मेट्रोने शिवाजीनगर, स्वारगेट गाठता येतं, त्यामुळे संध्याकाळी शहरात कुणाला भेटायचं असेल तर ट्रॅफिकची धास्ती नाही.

खोल्यांच्या बाबतीत या तिघांत डोक्याला ताण देण्याइतका फरक नाही. जिंजर टाटांच्या ताज समूहाचं, आयबिस फ्रान्सच्या अकोरचं, लेमन ट्री आपल्याकडचंच. खोली आटोपशीर, गादी चांगली, चादर स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. लेमन ट्रीबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण कर्णबधिर आणि इतर दिव्यांग व्यक्तींना कामावर घेण्याचं धोरण त्यांनी वर्षानुवर्षं टिकवलंय.

खरी तुलना आहे ती चेन आणि स्थानिक हॉटेल यांच्यात. चेनमध्ये साधारण दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते. ट्रॅव्हल्सची स्लीपर तुम्हाला पहाटे सहाला पुण्यात उतरवते. दहाची मीटिंग, अंगावर रात्रभराचे चुरगळलेले कपडे, आणि रिसेप्शनवरून उत्तर येतं, ‘सर, रूम रेडी नाही.’ लवकर खोली हवी तर जादा पैसे, तेही खोली रिकामी असेल तर. पुणे स्टेशनच्या आसपासच्या बऱ्याच जुन्या हॉटेलांत आजही चोवीस तासांचा चेकआउट चालतो. सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. आंघोळ करून, खालून शर्टाला इस्त्री करून घेऊन, पोहे-चहा घेऊन साडेआठला बाहेर पडता येतं. रात्रीच्या बसने येणाऱ्याला मी म्हणूनच आधी असं स्थानिक हॉटेल सुचवतो.

नाश्त्याचंही तसंच. मी उतरलो होतो त्या एका चेन हॉटेलात बुफे साडेसातला उघडायचा आणि कंपनीची गाडी सातला दारात. भाड्यात नाश्त्याचे पैसे धरलेले, आणि मी रोज उपाशी निघायचो. बुकिंगच्या वेळी ‘नाश्ता किती वाजता सुरू होतो?’ एवढं विचारा. लवकर निघायचं असेल तर नाश्त्याशिवायचा दर घ्या.

बिलाच्या बाबतीत मात्र चेन सरस. कंपनीचा जीएसटी क्रमांक बुकिंगलाच दिला की नीट बिल मेलवर येतं, अकाउंट्सवाले परत पाठवत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के कर लागतो, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. म्हणजे 7,400 ची खोली करासकट 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दोनशेच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात, तेव्हा या रेषेच्या आसपासचा दर दिसला तर खालचाच घ्या. तुमची कंपनी राज्याबाहेर नोंदलेली असेल तर आणखी एक अडचण: पुण्यातल्या हॉटेलच्या बिलावर महाराष्ट्रातला सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागतो आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे कंपनीच्या करातून तो वळता करून घेणं, तिकडच्या नोंदणीवर मिळत नाही.

सहकारी महिला एकटी येणार असेल, तर मी दुसरा विचार न करता चेनच सांगेन. कार्डाशिवाय न चालणारी लिफ्ट आणि रात्रभर जागं असलेलं रिसेप्शन, यासाठी हजार रुपये जास्त गेले तरी ऑफिसने ते मंजूर करायला हवेत. विमानाने दुपारी येणार असाल तरीही चेन, आणि तीही कामाच्या जागेजवळची. खोली घेताना हायवेकडची खिडकी नको म्हणून आधीच सांगून ठेवा. वाकड, हिंजवडीकडे ट्रकांचे हॉर्न रात्रीही थांबत नाहीत.