विपश्यना की निसर्गदत्त महाराज? दोन खोल्यांच्या घरातून

ध्यानाची थोडीफार ओळख आहे, चार ठिकाणी डोकावून झालंय आणि आता एकच काहीतरी धरायचंय, अशा माणसापुढे आमच्या ठाण्याकडे बहुधा दोन नावं येतात. गोएंकाजींची विपश्यना, म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना बघत बसायचं ध्यान, नाहीतर निसर्गदत्त महाराजांचं ‘मी आहे’, म्हणजे आपल्या असण्याच्या जाणिवेवर लक्ष ठेवणं. दोन्हींत मी बऱ्यापैकी मुरलोय, म्हणून हे लिहितोय. ‘साक्षीभाव म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत विपश्यनेला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. गोएंकाजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. आता त्यासाठी घाट चढायचीही गरज नाही, बेलापूरला पारसिक हिलवर ‘धम्म विपुल’ आहे. शिबिर दहा दिवसांचं. फी नाही, ते पूर्ण झाल्यावर मनाला येईल ते दान. फोन पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारची घंटा आणि आर्य मौन, म्हणजे बाकीच्यांशी शब्द नाही की खूण नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत फिरणं, आणि मग तासभर न हलता बसायचं अधिष्ठान. त्या तासात गुडघा ठणकायला लागतो, ठणका वाढत जातो, आता उठावंच लागणार असं वाटतं, आणि बघता बघता त्या एकसंध दुखण्याचे तुकडे पडतात. इथे चटका, तिथे मुंग्या, मधल्या जागेत काहीच नाही. हे वाचून कळत नाही. दहा दिवस काढता आले तर काढाच.

माझं अडलं ते शिबिर संपल्यावर. घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं असतं. आमचं घर नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, दोन खोल्या. पहाटे मी आतल्या खोलीत बसलो की बाहेर सगळं दबक्या पावलांनी सुरू व्हायचं. बायको कुकर लावायची थांबायची, मुलगी दप्तर भरायला आत येऊ शकायची नाही. आई दार इंचभर लोटून पुटपुटायची, “झालं का रे?” आणि मी, समतेचा, म्हणजे जे येईल ते न चिडता बघण्याचा, अभ्यास करणारा, आतल्या आत असा चरफडायचो की काही विचारू नका. संध्याकाळी तर शेजारच्या रीडेव्हलपमेंटचं ब्रेकर मशीन. त्याच्याकडे मी तटस्थपणे बघू शकायचो, आईच्या ‘झालं का रे’कडे मात्र नाही! माझ्या शांततेसाठी चार माणसांनी सकाळ अडवून धरायची, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. यात विपश्यनेचा दोष नाही, गोएंकाजी स्वतः संसारी आणि उद्योजक होते. पण मला ते जमेना.

महाराजांकडे मी वळलो तो याच कंटाळ्यातून. हे मारुती शिवरामपंत कांबळी, खेतवाडीतले विडीचे दुकानदार, मूळ कोकणातल्या कांदळगावचे. गुरू सिद्धरामेश्वर महाराज १९३६ मध्ये गेल्यावर ते घर सोडून निघाले होते, पण परत येऊन पुन्हा दुकान आणि संसारच बघू लागले. खेतवाडीच्या पोटमाळ्यावर मग देशोदेशीची माणसं येऊन बसायची आणि महाराज मराठीत बोलायचे. त्यांच्या गुरूंच्या इंचगिरी परंपरेतली भजनं आणि नाममंत्र होतेच, पण गाभा एवढाच की ‘मी अमुक, मी तमुक’ हे चिकटण्याआधीची जी ‘मी आहे’ ही जाणीव, तिथे लक्ष ठेवा. वेगळा तास लागत नाही की आसन लागत नाही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर वाशी लोकलमध्ये रेटून घुसताना, दिघा-ऐरोलीपर्यंत कुणाचं कोपर बरगडीत असतानाही ते चालू ठेवता येतं. आई हाक मारते, ती हाकही त्यातच येते. उठून जाऊन तिला चहा दिला तरी काही मोडत नाही.

तोटाही सांगतो. इथे तुम्हाला कुणी तपासत नाही. ‘मी देह नव्हे’ हे तोंडपाठ करून लोक हप्ते थकवतात आणि घरात भांडतात, असे दोघेतिघे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. गुडघा मात्र खोटं बोलू देत नाही. म्हणून अगदीच कोरी पाटी असेल तर आधी शिबिर, मग महाराज, असा क्रम मला बरा वाटतो. एकच निवडा म्हणालात तर, माझ्यापुरतं, महाराज.

मुलुंडच्या माझ्या मेहुण्याकडे वेगळी खोली आहे, दार लावलं की आत काही ऐकू येत नाही. तो अजून दोन्ही वेळा नेमानं बसतो, आणि त्याचं छान चाललंय.